श्रावणातली दाढी

दाढीचा आमच्या भाऊजींइतका राग करणारा माणूस अख्ख्या नाशकात शोधून सापडायचा नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान अग्निशमन दलात जवानांना शिकवतात, आणि कुणीही भेटलं की आधी त्याच्या गालाकडे बघतात, मग डोळ्यांकडे. माझ्या लेकीला बघायला आलेल्या मुलाची हौसेनं कोरलेली दाढी बघून त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "धुरात अडकलात तर काय कराल?" मुलगा बँकेत होता हो! तरी लग्न जमलं, नशीब माझं. त्या लग्नातही, गंगापूर रोडच्या हॉलमध्ये, मागच्या दाराला खुर्च्यांची चळत लावलेली दिसली, तर स्वारीनं कोट काढून एकट्यानं सगळ्या खुर्च्या हलवल्या आणि अक्षता पडेपर्यंत तिथेच उभे राहिले. ताई म्हणाली, "अहो, फोटोत तरी या." "दार मोकळं राहू दे, फोटोचं बघू नंतर," म्हणाले. एकाही फोटोत भाऊजी नाहीत.

पण त्यांची खरी लढाई श्रावणात. श्रावण लागला की आपल्याकडे कितीतरी पुरुष महिनाभर गालाला वस्तरा लावत नाहीत, तसे जवानही लावायचे नाहीत. आणि आगीत शिरताना तोंडावर चढवायचा मास्क दाढीवर घट्ट बसत नाही, कडेनं धूर आत येतो. सांगून कुणी ऐकेना, तेव्हा भाऊजींनी ताईच्या डब्यातल्या सुक्या मिरच्या पळवल्या. फायर स्टेशनमागच्या पत्र्याच्या खोलीत मिरच्यांची धुरी करायची, मास्क लावून एकेकाला आत पाठवायचं, आणि खोकत बाहेर येईल त्यानं तिथल्या तिथे दाढी करायची. पहिल्या वर्षी जवान खोकले, शेजारची बिल्डिंग खोकली, भांडायला आलेले मोठे साहेबही खोकले. दुसऱ्या दिवशी साहेबांची दाढी गायब! सुरगाण्याकडचा एक जवान मात्र हात जोडून म्हणाला, "साहेब, देवाचं कसं करू?" भाऊजी म्हणाले, "महादेवाला मी सांगून आलोय. तुमच्या सगळ्यांच्या दाढ्या माझ्या नावावर." आणि खरंच, तेव्हापासून ते श्रावणी सोमवारी पाणीसुद्धा घेत नाहीत.

हे वेड कुठून आलं ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो विषय कुणी काढत नाही. पूर्वी भाऊजीही श्रावण पाळायचे, आणि त्यांचा जोडीदारही. आगीत कायम दोघं बरोबर शिरायचे. एका श्रावणात बारदानाच्या गोदामाला आग लागली. दाढ्या दोघांच्याही वाढलेल्या, दोघंही बाहेर आले, पण जोडीदाराच्या छातीत धूर गेला तो गेलाच. आता ते सटाण्याला आपल्या घरी असतात, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून.

यंदा श्रावणात भाऊजींबरोबर मीही त्यांना भेटायला गेले. आम्ही दारात दिसताच जोडीदारांनी धापा टाकत अहिराणीत विचारलं, "तुना पोरेसनी दाढी काढी का?"

"सगळ्यांनी काढली. यंदा मिरच्या लागल्याच नाहीत," भाऊजी म्हणाले. "पहिल्या दिवशी आपणहून गुळगुळीत होऊन आले."

जोडीदार समाधानानं हसले. तेव्हा माझं लक्ष गेलं, त्यांच्या स्वतःच्या गालावर पांढरी दाढी वाढली होती. मी धास्तावून भाऊजींकडे बघितलं. आता काय बोलतात!

जोडीदारांनी माझी नजर ओळखली असावी. दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "ऱ्हाऊ दे, ताई. आते माले कुठे आगमां जानं शे?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊजी पुढे झाले. नळीचा पट्टा दाढीत अडकला होता, तो त्यांनी केस ओढले जाणार नाहीत अशा बेतानं सोडवला आणि पुन्हा कानामागे नीट बसवला.