मुंग्या अजिबात नाहीत

केकवर नाव लिहून घ्यावं ते नक्षीकाकांकडूनच, याबद्दल गल्लीत दुमत नव्हतं. माणूस तसा तिरसट. गिऱ्हाइकाने कागदावर नाव चुकीचं लिहून आणलं तर काका केकवर बरोबर लिहून द्यायचे, आणि वर दोन शब्द सुनवायचे. बेकरीत बाकी काही पोरांकडून करून घेतील, पण क्रीमचा कोन दुसऱ्याच्या हाती द्यायचे नाहीत.

कॅन्सर झाला तेव्हाही त्यांनी आजाराला फारसा भाव दिला नाही. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली, केस गेले. "चला, आता केकमध्ये केस सापडायची भीती गेली," एवढंच म्हणाले. कटकट झाली ती पुढे. हॉस्पिटलने काकूंच्या मोबाइलवर एक ॲप टाकून दिलं. दर सोमवारी त्यात प्रश्न यायचे, मळमळ किती, थकवा किती, भूक कशी. उत्तरं तिकडे सिस्टरांना दिसायची आणि काही जास्त वाटलं की त्या फोन करायच्या. काकांचे हात सदा क्रीममध्ये, म्हणून वाचायचं काम काकूंकडे. काकूंना हळू बोलणं जन्मात जमलं नव्हतं. शिवाय प्रश्न आखूड करून विचारायची त्यांची पद्धत.

"अहो, जुलाब?"

पेस्ट्री निवडणाऱ्या बाई थबकल्या.

"नाही."

"मुंग्या?"

आता बेकरीवाल्याला भर गिऱ्हाइकीत हे विचारायचं असतं का? "अजिबात नाही," काका गरजले. "या दुकानात एक मुंगी दाखवा."

ॲप विचारत होतं ते केमोमुळे हातापायांना येणाऱ्या मुंग्यांबद्दल. काकांना ते पक्कं ठाऊक होतं. बोटांना मुंग्या येत होत्याच, टोकं तर बधिर झाली होती. पण त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. त्यांच्या डोक्यात एकच बसलं होतं, की हे कळलं तर डॉक्टर औषध बंद करणार, आणि औषध बंद म्हणजे आजार परत. या विचाराने त्यांची पाचावर धारण बसायची. मग दर सोमवारी गिऱ्हाइकांच्या आडून "अजिबात नाही" म्हणत ते वेळ मारून न्यायचे.

एका सोमवारी एक गृहस्थ मुलीच्या वाढदिवसाचा केक न्यायला आले. बराच वेळ त्याकडे बघत राहिले.

"काका, नाव छान आलंय," ते अदबीने म्हणाले. "पण कुणाचं?"

काकूंनी केक पाहिला, काकांची बोटं पाहिली. त्या दिवशी त्यांनी प्रश्न मनातल्या मनात वाचले आणि मुंग्यांपुढे 'खूप' दाबलं.

तासाभरात फोन आला. काकांचे हात बरबटलेले, म्हणून काकूंनी स्पीकर लावून मोबाइल त्यांच्या तोंडापुढे धरला.

"काका, मुंग्या खूप वाढल्यात म्हणे," सिस्टर म्हणाल्या.

दुकानात चार माणसं उभी होती. सिस्टर बोलत राहिल्या.

"आत्ता कळलं तर डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. तुम्ही लपवलंत तर बोटं कायमची तशीच राहू शकतात."

"म्हणजे बंद नाही करणार?"

"बंद कशाला? डॉक्टर बघून ठरवतील. उपचार चालूच राहतात."

काकांनी मोठा श्वास घेतला. "हो, मुंग्या आहेत. भरपूर आहेत."

त्या चौघांतल्या एका बाईंनी उचललेली पेस्ट्री हळूच खाली ठेवली.

"शर्टाची बटणं लावता येतात?" सिस्टरांनी विचारलं.

गेला महिनाभर काका रोज सकाळी शर्ट उघडा टाकून काकूंपुढे उभे राहत होते. तूच लाव, तुझ्या हातची नीट बसतात, म्हणायचे. काकू लाजायच्या आणि लावायच्या. आजारपणाने नवरा सुधारला, असं त्यांनी बहिणीला दोनदा फोन करून सांगितलं होतं.

"नाही येत," काका म्हणाले. "ही लावते."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं होतं.

"काकू, खरं का?" सिस्टरांनी विचारलं.

"खरंय," काकू इतक्या हळू म्हणाल्या, की सगळ्या दुकानाला कान द्यावा लागला. "मला वाटलं होतं, लाडात आलेत."