काळा लाव्हा, गुलाबी लाव्हा

मनोहर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल घेत होतो. शिपाई दारातूनच म्हणाला, "सर, आपले भूगर्भवाले सर गेले." मी बर्नर बंद केला.

मनोहरचे वडील माजरीच्या खाणीत कामाला. चंद्रपूरला आमच्याच कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारा मनोहर म्हणायचा, "बाबा कोळसा काढते, मी त्याच्याहून लय जुना दगड काढतो. धंदा घरचाच आहे." गडचिरोलीच्या पूर्वेकडल्या जंगलात फार प्राचीन काळी लाव्हा वाहिला होता. तिथे काळा बेसॉल्ट आणि गुलाबी रायोलाइट शेजारीशेजारी सापडतात. मधल्या जातीचा दगड जवळजवळ नाहीच. "हे एकाच मायचे लेकरं, का दोघायच्या माया येगळ्या?" म्हणजे दोन्ही एकाच वितळलेल्या खडकातून निघाले की वेगवेगळ्या, हाच त्याच्या पीएच.डी.चा प्रश्न. उत्तर त्या दगडांमधल्या कणभर मूलद्रव्यांत होतं, आणि ती मोजायची यंत्रं दूरच्या शहरात. दोन हिवाळे रान तुडवून त्यानं नमुने पाठवले. पुष्कळ महिन्यांनी कळलं, की वरवरचा दगड हवापाण्यानं कुजलेला, त्यातलं बरंच काही धुऊन गेलेलं. आकड्यांवर भरवसा ठेवता येणार नाही.

त्या दिवशी त्यानं चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "भाऊ, नदीच्या पात्रात ताजा दगड भेटते. परत जातो."

"पाऊस आत्ता सरला. तिकडे हिवताप आहे. उन्हाळ्यात जा."

"उन्हाळ्यापर्यंत पीएच.डी.ची मुदत कुठी आहे?"

तो गेला. घणानं खडक फोडून, आतल्या ताज्या गाभ्याचे तुकडे पोत्यात भरून एस.टी.नं परतला, तो अंगात ताप घेऊनच. हिवताप मेंदूत चढल्याचं डॉक्टरांच्या ध्यानात येईपर्यंत फार उशीर झाला होता. मी खाटेजवळ गेलो तर त्यानं मला विचारलं, "तुमी कोन जी?" त्यानंतर तो माझ्याशी काही बोलला नाही.

कॉलेजात त्याचं काम पुढं नेणारं कोणी नाही. मला दगडातलं कळत नाही. परवा माजरीला गेलो. आतल्या खोलीत त्याच्या आईनं ते सगळे तुकडे फळीवर ओळीनं मांडून ठेवलेत. माजरीत कोळशाची धूळ घराघरात बसते, म्हणून ती रोज सकाळी एकेक दगड ओल्या फडक्यानं पुसते.

"वला केला का रंग दिसते म्हने तो," ती म्हणाली.

रंग खरोखरच दिसत होते. प्रत्येक दगडावर मनोहरनं चिकटपट्टी लावून शाईनं क्रमांक घातला होता. कोणता दगड कुठल्या जागेचा, हे त्यावरूनच कळायचं. पट्ट्या आता पांढऱ्या झाल्यात. एखाददुसऱ्यावर निळा डाग उरलाय, आकडा एकही वाचता येत नाही. असा दगड जगातल्या कुठल्याच प्रयोगशाळेच्या उपयोगाचा नसतो.

"कामाचे आहेत ना जी हे?" तिनं विचारलं.

"आहेत, माय."

तिनं फडकं पिळलं आणि पुढचा दगड उचलला.