शीर्षप्रहेलिकेचा ताळा

शहाद्याच्या भूरीबाईंनी एका आकड्यासाठी चहा सोडला, हे कळल्यावर अख्खी गल्ली हसली. चहाशिवाय ज्यांचं पान हलत नसे, त्या भूरीबाई!

चातुर्मासात जैन महाराजसाहेबांनी व्याख्यानात सांगितलं होतं की चौऱ्याऐंशी लाख अठ्ठावीस वेळा मांडून गुणले म्हणजे जी वर्षं येतात, ती शीर्षप्रहेलिका. मोजता येणारा काळ तिथवर, पुढचा सगळा असंख्य. ऐकता ऐकता भूरीबाईंना गेल्या दिवाळीत वारलेले यजमान नथमल शेठ आठवले. जीव तर लाखो योनींत भटकतो. मग दोन जीव पुन्हा भेटायचे कधी? भेट त्या आकड्याच्या अलीकडे असेल, तर निदान वाट तरी पाहता येईल. म्हणून आकडा स्वतःच्या हाताने मांडायचा आणि तोवर चहा बंद, असा त्यांनी नियम घेतला.

बाई चौथी शिकलेली, पण आयुष्य दुकानात गेलेलं. लाखांची एकशे चाळीस शून्यं त्यांनी आधीच बाजूला ठेवली. ती कुठं पळून जातात? उरलं नुसतं चौऱ्याऐंशीने गुणत जाणं. भाव लिहायचा दुकानातला लांबलचक फळा त्यांनी अंगणात आणवला. खालची ओळ झाली की वरची पुसायची. शेवटच्या ओळीला चोपन्न अंक झाले. शेठजींच्या सवयीप्रमाणे त्यांनी अंकांची बेरीज करून नवाचा ताळा पाहिला, म्हणजे बेरजेला नवाने पूर्ण भाग जातो का ते. जुळला! म्हातारीला रडूच आलं.

नात मुस्कान लोणखेड्याच्या कॉलेजात गणित शिकते. या घरात देवापुढे मारवाडी आणि भांडण अहिराणीत, अशी वाटणी आहे. तिने मोबाईलवर आकडा काढून फळ्याशी ताडून पाहिला, मग पुन्हा पहिल्यापासून ताडला.

"काय व्हयनं? बोल ना!"

"दादी, आकडा चुकना शे."

"पन ताळा त जुळना!"

"तो जुळीच. चौऱ्याऐंशीले तीनना भाग जास. दोन डाव गुणं म्हंजे नऊ तयार. मांगे कितलीबी चूक ऱ्हावो, ताळा जुळसच."

एवढा मोठा आकडा, आणि मागच्या साऱ्या चुका पोटात घालून बसतो! ताळ्यावर भरवसा ठेवायला शिकवणाऱ्या शेठजींचाही भूरीबाईंना राग आला.

मग हळूहळू आठवलं. एका सकाळी गुणाकार चालू असताना फळ्यावर मुंगी चढली होती. लिहीत राहिलं तर खडूखाली चिरडली असती, म्हणून त्या हात वर धरून थांबल्या. मुंगी रमतगमत पलीकडे उतरली, तोवर हातचा डोक्यातून गेला होता.

"मंग तिले फुक मारानी ना!" मुस्कान वैतागली.

"तिलेबी तितलाच काळ फिरनं शे, बेटा. कोन्हा जीव कोठे शे, कोनले मालूम?"

बोलून गेल्या आणि स्वतःच्याच शब्दांनी त्यांच्या अंगावर काटा आला. छे, शेठजींसारखा पापभीरू माणूस मुंगी कशाला होईल, असं त्यांनी मनाला बजावलं. पुन्हा पहिल्यापासून मांडायला फडकं हातात घेतलं. पुसण्याआधी मात्र चष्मा लावून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यांनी फळा निरखून पाहिला.