तीन किलो तांदळाची हजेरी

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई नेहमी म्हणायची, पण त्या हिवाळ्यातली बेचैनी वेगळी होती. शाळेतून पनवेलला घरी आले की चहा ओट्यावर निवत पडायचा आणि मी तलावाला चकरा मारत सुटायचे. दोन झाल्या, तीन झाल्या, तरी घरी जावंसं वाटेना. नवरा विचारायचा, अगं, झालंय काय तुला? काय सांगणार कपाळ! एक मुलगी उरणच्या बाजूला वीटभट्टीवर होती आणि मी रोज सकाळी तिला वर्गात हजर दाखवत होते. हे घरात बोलायची माझी छाती नव्हती.

नेऱ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आमची चौथीपर्यंतची शाळा. शिक्षक दोनच, मोठे गुरुजी आणि मी. नव्वदीची मधली वर्षं. मुलं जवळपास सगळी कातकरी वाडीतली. सरकारनं तेव्हा नवी योजना आणली होती. महिन्यातले ऐंशी टक्के दिवस जे मूल हजर राहील, त्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळणार. योजनेला मी आजही नावं ठेवणार नाही. ज्या पोरांना मी हाताला धरून झोपडीतून आणायचे, ती आता माझ्याआधी पायरीवर येऊन बसायला लागली. फक्त ही योजना आखणाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं की दिवाळी झाली की वाडी उठते आणि भट्टीवर जाते. आईबाप जातात, मुलंही जातात, ती थेट पावसाच्या तोंडावर परततात. मागे उरतात ती म्हातारी माणसं आणि कोंबड्या.

ती मुलगी चौथीत होती. वाचायला नुकतंच जमायला लागलेलं, आणि जमलं म्हणून नुसतं वेड लागलेलं. एसटीवरची पाटी वाच, बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाच, माझ्या पिशवीवरचं दुकानाचं नाव वाच. वाचताना जीभ बाहेर काढायची. मी ओरडले की आत घ्यायची, पुढच्या ओळीला पुन्हा बाहेर. दिवाळीनंतर तीही गेली. मी तिच्या बापाशी भांडले, तिला आजाजवळ ठेव म्हटलं. तो म्हणाला, धाकट्याला कोण बगल?

त्या महिन्यात तांदूळ आला तेव्हा तिचा आजा पिशवी घेऊन रांगेत उभा राहिला. यादीत नातीचं नाव नव्हतं. म्हातारा भांडला नाही, काही मागितलं नाही. बाजूला झाला आणि भिंतीला टेकून बसून राहिला. सगळ्यांचं वाटप संपलं तरी बसलेलाच. शेवटी मी आत गेले, हजेरीपट काढला आणि तिच्या नावापुढचे खाडे खोडून हजर, हजर, हजर असं लिहीत गेले. एकीचं केलं तर बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं? मग सगळ्या भट्टीवरच्या मुलांचं केलं. मोठ्या गुरुजींनी पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतःच ते काम माझ्याआधी उरकून टाकलं. खरं सांगते, तेव्हा मला आपण फार पुण्याचं काम करतोय असं वाटत होतं.

फेब्रुवारीत शाळेत एक पत्र आलं. उरण रस्त्याकडच्या भट्ट्यांवर एका बाईंनी मजुरांच्या मुलांसाठी वर्ग सुरू केला होता. आमच्या वाडीतली कोणकोण मुलं शाळा सोडून तिकडे आली आहेत ते कळवा, असं त्यात होतं. मला राहवलं नाही. रविवारी उठले आणि गेले. न्हावा शेव्याच्या कंटेनरांनी रस्ता नुसता हादरत होता, सगळीकडे लाल धूळ. पत्र्याच्या शेडमध्ये पंचवीसेक मुलं पाट्या घेऊन बसलेली. नवी पुस्तकं होती, एका कोपऱ्यात खिचडी शिजत होती. वर्षअखेरीस परीक्षा होणार होती आणि ती पाचवीसाठी धरली जाणार होती. सुटीही न घेता शिकवत होत्या त्या बाई. मला त्यांचा हेवाच वाटला.

आमच्या वाडीतली बाकीची मुलं दूरच्या भट्ट्यांवर पांगली होती; ती चौथीतली मुलगी मात्र शेडच्या बाहेर उभी होती. कडेवर धाकटा भाऊ, हात कोपरापर्यंत मातीनं माखलेले. मला बघून धावत आली.

"बाई, मना आत घेत नाय. त्या म्हंतात तुजा नाव तुज्या शालंत हाय."

वर्गावरच्या बाईंनी मला नीट समजावून सांगितलं. त्यांना अनुदान मिळायचं ते शाळा सुटलेल्या मुलांसाठी. तालुक्याच्या कागदांवर ही मुलगी रोज शाळेत हजर होती. एका मुलावर दोनदा खर्च दाखवता येत नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही दोन ओळी लिहून द्या, दिवाळीपासून गैरहजर आहे म्हणून, मी तिला दुसऱ्या दिवशी आत बसवते. यादी शनिवारी जाणार आहे, तेवढं बघा. मी हो म्हटलं. मुलीच्या गालावरची माती पुसली आणि तिलाही सांगितलं, शनिवारच्या आत तू आत बसशील.

सोमवारी गुरुजींना सांगितलं तर त्यांचा चेहराच उतरला. एकीचं खरं लिहिलं की सगळा पट तपासायला येणार, मग अठराच्या अठरा मुलांचा तांदूळ बंद. म्हातारी माणसं काय खाणार, आणि आपल्या दोघांच्या नोकरीचं काय होणार, असं त्यांनी विचारलं. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मी चिठ्ठी लिहिली, फाडली. मंगळवारी लिहिली, बुधवारी लिहिली. गुरुवारी तांदूळ आला आणि तिच्या आजाची पिशवी मीच भरली. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं. शुक्रवारी चिठ्ठी पर्समध्ये घालून पोस्टापर्यंत गेले आणि परत आले. शनिवारी तलावाला किती चकरा मारल्या ते आठवत नाही. मी शेपूट घातली. म्हाताऱ्यांचं पोट हे कारण खरंच होतं, पण त्याच्या आडून मी माझी नोकरी वाचवली, हेही तितकंच खरं.

जूनमध्ये ती बापाबरोबर दाखला न्यायला आली. हजेरी पूर्ण म्हणून चौथी पास, आता पाचवीसाठी मोठ्या शाळेत. मी दाखला तिच्या हातात दिला. तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, दोन अक्षरं जुळवली, तिसऱ्यापाशी अडकली. मग तिनं कागद परत माझ्या टेबलावर ठेवला.

"बाई, मना चौथीतच बसवा. माजी चौथी झालीच नाय."

मी समोरचा हजेरीपट उघडला, उगाचच. दिवाळीपासून मेपर्यंत तिचा एकही खाडा नव्हता, गुरुजींनी भरलेला महिना सोडला तर अक्षर माझंच. मी तिला सांगितलं की तसं करता येत नाही.