मूळ यादीतलं नाव

"आधी उघडून बघ की. आत परत पिशवीच निघाली तर तेच परत करायचं." असं म्हणत अण्णा आपली कापडी पिशवी टेबलावर ठेवायचे. तिच्यात दुसरी, दुसरीत तिसरी आणि तिसरीत जेवणाचा डबा. लोणच्याचं तेल कागदांना लागू नये म्हणून एवढा बंदोबस्त. पन्नाशीतही डबा म्हातारी आईच भरते, हे सांगताना ते लाजायचे. सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यात आम्ही दोघं कॉम्प्युटर सांभाळायचो. रिकर्शन, म्हणजे प्रोग्रामने स्वतःलाच परत बोलवायची युक्ती, मी त्या पिशव्यांवरच शिकलो.

कामगारांची यादी तशीच होती. विभागाच्या पोटात पाळ्या, पाळीत टोळ्या, टोळीत नावं. नाव शोधायचं अण्णांचं फंक्शन, म्हणजे छोटा प्रोग्राम, यादीच्या आत यादी दिसली की स्वतःलाच पुन्हा बोलावून आत शिरायचं. नाव सापडलं तर पडद्यावर 'घावलं', नाहीतर 'हितं न्हाय'. साहेब वैतागायचे, "इंग्रजीत लिहा हो."

"मशीन सोलापूरचं हाय की, साहेब." घरी तेलुगू बोलणाऱ्या अण्णांचं हे उत्तर ठरलेलं.

माझी खोड एकच. यादीची नक्कल काढून मी बदल नकलेतच करायचो आणि मूळ यादी तशीच राहायची. अण्णा कपाळावर हात मारून घ्यायचे. "घावलं म्हंजे झालं न्हाय रं. मूळ यादीत बदललं का बघ." तुमच्याही ऑफिसात असं कुणी असेल. तेव्हा त्यांची कटकटच वाटते.

गेल्या पावसाळ्यात अण्णा छातीत कळ येऊन गेले. यादीतून त्यांचं नाव काढायचं काम माझ्याकडेच आलं. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, कसंबसं उरकलं.

आठवड्याने अण्णांच्या घरून वहिनींचा फोन आला. "भावजी, त्यांच्या मोबाईलवर रोज सकाळी पाळीचा मेसेज येतोय. तो वाजला की सासूबाई उठून डबा भरत्यात. समजावलं की गप बसून रडत्यात, दुसऱ्या दिवशी परत तेच. तेवढं बंद करा की."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेसेज मूळ यादीवरून जात होते आणि मी नाव काढलं होतं नकलेतून.

अण्णांचंच फंक्शन चालवलं. 'घावलं.' मग नाव मूळ यादीतून काढलं आणि त्यांनी लावलेल्या शिस्तीप्रमाणे पुन्हा एकदा शोधून पाहिलं.

'हितं न्हाय.'