मी म्हणालो, बंद करा

पालमच्या आमच्या गल्लीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाई गिरणी बंद असली तरी ओरडूनच बोलतात. दळण झालं की चिमूटभर पीठ बोटांत चोळून बघतात, मगच डबा पुढे सरकवतात.

त्यांच्या सहा वर्षांच्या लेकीला किडनीचा आजार. लघवीतून प्रथिनं जायची, अंगाला सूज यायची. परभणीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सूज उतरली. बाई रोज सकाळी तिची लघवी पट्टीवर तपासायच्या. पण गोळ्यांनी पोरीचं तोंड गोल गरगरीत झालं.

"गुरुजी, बायका नावं ठिवायल्यात हिला. काय करू?" त्यांनी मला विचारलं.

मी शाळेतला मास्तर. कुणी विचारलं की सांगायची सवय. "आता सूज नाही ना? मग बंद करा गोळ्या," मी सहज म्हणालो.

दोन आठवड्यांत सुजेनं पोरीचे डोळे उघडेनात, पोट फुगलं. मी दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा डॉक्टर बाईंवर संतापले होते. "या गोळ्या हळूहळू कमी करतात. एकदम बंद करायला कुणी सांगितलं?"

"माझ्याच मनानं केल्या," बाई हळूच म्हणाल्या. मी शेजारीच उभा होतो.

पोर सावरली, पण गोळ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. परवा धीर करून मी म्हणालो, "बाई, तेव्हा चूक माझी होती."

"इचारलं तर मीच व्हतं, गुरुजी."

अजूनही त्या माझ्याशी नीट बोलतात. विचारत मात्र काहीच नाहीत.