कपाटातला गहू

शेवटचे भेटलो तेव्हा देवमन गुरुजी तापानं फणफणले होते. धीराचं काहीतरी बोलावं म्हणून मी उशाशी बसून शब्द जुळवत होतो, तर तेच म्हणाले, "यंदाचं कपाट तुम्ही लावा, मास्तर. अन् कुंकू नका लावू त्याले." मी हसलो. तेही हसले, मग खोकला आला... पुढच्याच बाजाराला मोताळ्यात मी वांग्यांचा भाव पाडत उभा असताना गावच्या गाडीवानानं ते गेल्याचं सांगितलं. वांगी पारड्यातच राहिली.

त्या कुंकवाची गोष्ट सांगायलाच हवी. तिच्यातला गाढव मीच आहे, तेव्हा तपशील चुकण्याची भीती नाही.

मी त्यांच्या हाताखाली दुय्यम मास्तर म्हणून नवाच लागलो होतो. प्राथमिक शाळांत निसर्गनिरीक्षण शिकवा, असा नागपूरहून हुकूम सुटला होता. मी फळ्यावर झाड काढून तो पाळला. गुरुजींनी दोन पसरट मातीच्या परळांत एकाच वावरातली माती घातली, एकाच मुठीतला गहू पेरला. एक परळ खिडकीत, दुसरा खडूच्या कपाटात. पाणी दोघांना सारखं. झाडाला उजेड लागतो, हे पोरांनी घोकू नये, पाहावं, एवढाच बेत. गुरुजींनी मला तो सांगितला असणारच. माझं लक्ष नसणार.

दिवस नवरात्राचे. गुरुजी कामानं बुलढाण्याला गेले होते. खडूसाठी कपाट उघडलं, तर अंधारात पिवळेधमक, कोवळे तुरे. घरोघरी देवघरात घटाभोवती असेच उगवतात, दसऱ्याला टोपीत खोवतो आपण. मला वाटलं, गुरुजींनी शाळेत घट बसवला अन् आपल्याला पत्ताही नाही. मी जोडे काढले, कुंकू वाहिलं, उदबत्ती लावली, पोरांना रांगेनं पाया पडायला लावलं. दुपारी आयाबाया ओट्या घेऊन हजर.

गुरुजी परतले तेव्हा कपाटापुढं नारळांचा ढीग होता. परळ दुसऱ्या दिवशी उन्हात काढायचा होता, म्हणजे पिवळं रोप हिरवं होताना पोरांना दिसलं असतं. पण पाटील आडवे आले. "बसलेला घट हालवत नसतेत, गुरुजी. हात लावसान तं आमची लेकरं शाळेत येनार नाहीत."

गुरुजींनी वाद घातला नाही. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाले, "उदबत्ती तरी बाहेर लावा, मास्तर. खडूले वास लागून राह्यला."

दसऱ्याला त्यांनी पहिला तुरा पाटलांच्याच पागोट्यात खोवला. अर्धा गहू परळात राखला होता. "आता उन्हात ठेवू?" पाटील म्हणाले, "आता ठेवा." पोरं खेळ सोडून परळाभोवती बसू लागली. हळूहळू शेंडे हिरवे होत गेले. एका पोरीनं विचारलं, "गुरुजी, देवी हिरवी झाली काय?"

"देवी नाही वं माय. उपाशी लेकरू जेवलं."

पाटीलही बघायला आले होते. घरी गेले अन् आपल्या घटातलं उरलंसुरलं अंगणात उन्हाला नेऊन ठेवलं.

यंदाचं कपाट मी लावलं. कुंकू लावलं नाही. पण एका जागी बसवत नाही... पाढे चालू असताना उठतो, कवाड किलकिलं करतो, लावतो, खिडकीशी जातो, परत येतो. खडू हातात धरून खडू शोधतो. दरवर्षी पेरल्यावर गुरुजी कपाटापाशी आले की कडीला नुसता हात लावायचे आणि पुढं जायचे. तेवढं मला का जमू नये?

काल सगळ्या वर्गासमोर कवाड उघडलं. तुरे पिवळे नव्हतेच. हिरवट, खिडकीतल्यांचे चुलतभाऊ. मी परळ फिरवून फिरवून पाहिला. शेवटी पुढं बसणारी चिमी म्हणाली, "गुरुजी, तुम्ही घडीघडी कवाड उघडून राह्यले. मंग ते पिवळं कसं होईन?"

आज पुन्हा पेरलं. कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली चिमीकडे दिली. सकाळपासून मागतो आहे. देत नाही.